किती वेळा ‘काय?’

स्वयंपाकघराच्या दारापासून बैठकीतल्या वेताच्या खुर्चीपर्यंत अकरा फरश्या आहेत. एक फरशी एक फुटाची, म्हणजे अंतर अकरा फूट. दारात उभं राहून साध्या आवाजात “चहा टाकू का?” असं विचारलं, तर खुर्चीतून “काय?” येतं. पुन्हा विचारलं तर पुन्हा “काय?” तिसऱ्यांदा विचारताना विचारणाऱ्याचा आवाज चढलेला असतो आणि मग खुर्चीतून उत्तर येतं, “अगं, ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?”

या घरात हे रोज घडे. सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुणी त्याबद्दल बोलत मात्र नसे.

खुर्चीत बसणारे आजोबा चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत आले होते. किराणा दुकानातले मोठे काटे, औषधं तोलायचे नाजूक काटे, भंगारवाल्यांचे गंजलेले काटे, सगळ्यांना ते ओळखत. आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. “तीस वर्षं मी दुसऱ्यांचं ऐकून घ्यायचा पगार घेतला,” असं त्या म्हणत, “आता पेन्शनवर यांचं ऐकते.” सून औषधांच्या दुकानात काम करायची. मुलगा आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेरगावी असायचा. आणि एक नात होती, दहा वर्षांची. तिचा आवाज इतका हळू की आजींनी तिचं नाव कुजबुज ठेवलं होतं.

एका शुक्रवारी कुजबुज शाळेतून एक कोरी वही घेऊन आली. बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या प्रत्येकानं तीन महिन्यांसाठी एक ध्येय ठरवायचं. मुलांनी ते वहीत लिहायचं आणि दर आठवड्याला कोण कुठवर आलं, ते नोंदवायचं. रात्रीच्या जेवणाआधी वही टेबलावर आली.

“रोज अर्धा तास चालणं,” आई म्हणाली.

“ते तू दर वर्षी म्हणतेस,” कुजबुज म्हणाली.

“मग लिही, पाव तास.”

आजींनी चष्मा पुसला. “माझं लिही, शिट्टी वाजवायला शिकायचं.”

“शिट्टी?” आई हसायला लागली.

“हसू नकोस. लहानपणी एकदा ओठ गोल केले तर माझ्या आईनं चिमटा काढला होता. मुलीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये म्हणे. साठ वर्षं झाली, चिमटा काढणारं आता कुणी उरलं नाही. मग का नाही शिकायचं?”

कुजबुजनं वळणदार अक्षरात ‘आजी – शिट्टी’ असं लिहिलं आणि ती खुर्चीपाशी गेली. “आजोबा, तुमचं ध्येय?”

“काय?”

“ध्येय! तुमचं!”

“माझं?” आजोबा मोकळेपणानं हसले. “माझी सगळी ध्येयं करून झाली, बाळा. शिक्षण झालं, दुकान झालं, घर झालं, मुलाचं लग्न झालं. आता तुमच्याकडून करून घेणं, हेच माझं ध्येय! बघू, तू काय लिहिलंयस?”

त्यांनी वही हातात घेतली. तिनं लिहिलं होतं, ‘आजोबांना एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची. मध्ये एकदाही काय? येता कामा नये.’

आजोबांनी ते दोनदा वाचलं. मग मान डोलावली. “वा! छान आहे. यात अवघड काही नाही. तुझा आवाज म्हणजे कापसावर सुई पडावी तसा. आवाज वाढवायचा की झालं! उद्या संध्याकाळी सहापासून सराव. मी इथे बसणार, तू तिथे दारात उभं राहायचं.”

कुजबुज काहीतरी बोलणार होती. तिनं आजीकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, “बरं.”

एवढ्या छोट्या ‘बरं’मध्ये काय काय मावलं होतं, ते कळायला घराला पुढे महिना लागला.

सराव सुरू झाला. गोष्ट होती गोगलगायीची. मोरीच्या भिंतीवर सापडलेली एक गोगलगाय कुजबुजनं काचेच्या बरणीत ठेवली होती. ती कोणतं पान आधी खाते, काचेवरून एका मिनिटात किती बोटं सरकते, अंधारात जास्त चालते की उजेडात, हे ती रोज बघत असे. हे सगळं तिला आजोबांना सांगायचं होतं. कारण तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बघायचं असतं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. गोगलगायीकडेही तसंच बघावं लागतं. घरात हे कळणारा माणूस तो एकच होता.

“गोगलगाय रात्री जास्त चालते!” ती दारातून सांगे.

“काय?”

“रात्री! जास्त! चालते!”

“अजून मोठ्यानं! पोटातून आवाज काढ! गळ्यातून नको!”

पहिल्या दिवशी अठरा वेळा ‘काय?’ झालं. दुसऱ्या दिवशी पंधरा. आठवड्याच्या शेवटी अकरा. वहीत कुजबुजनं चौकटी आखून ठिपके मांडले आणि ते रेषेनं जोडले. रेषा खाली उतरत होती. आजोबांना ती रेषा फार आवडली. आल्यागेल्याला ते वही दाखवत. “बघा, मेहनत घेतली की मूल कसं सुधारतं! पूर्वी हिचं अक्षरही ऐकू यायचं नाही.”

“अहो, पण पोरीच्या घशाचा विचार करा,” आजी एकदा म्हणाल्या.

“काय?”

“घसा! घसा!”

“कुणाचा घसा बसलाय? मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला सांग.”

आजींनी कपाळाला हात लावला आणि त्या गच्चीत शिट्टीचा सराव करायला निघून गेल्या. तिथून नुसती हवा जाण्याचा आवाज येई.

तिसऱ्या आठवड्यात ‘काय?’ चारवर आलं. त्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली. बाईंनी लिहिलं होतं, ‘आपली मुलगी अभ्यासात चांगली आहे. परंतु अलीकडे ती वर्गात फार ओरडून बोलते. शेजारच्या मुलीनं जागा बदलून मागितली आहे. घरी काही ताण आहे का?’

आईनं चिठ्ठी वाचली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. ती आजोबांना दाखवली नाही. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून! या घरात आजोबांना वाईट वाटू नये म्हणून कितीतरी गोष्टी अशा घड्या होऊन ठेवलेल्या होत्या.

सोमवारी सकाळी कुजबुज उठली आणि आईला हाक मारायला गेली. हाक आलीच नाही. ओठ हलले आणि घशातून कोरडी खरखर तेवढी निघाली. ती घाबरून रडली, तर रडण्यालाही आवाज नव्हता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी नळीतून बघितलं. “ओरडून ओरडून स्वरयंत्राला सूज आली आहे. पंधरा दिवस बोलणं पूर्ण बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानंही ताण पडतो. हे असंच चालू राहिलं तर आवाज कायमचा घोगरा होईल.” मग त्यांनी आईला विचारलं, “घरी हिला कुणाशी एवढं मोठ्यानं बोलावं लागतं?”

 आई पर्सच्या बंदाशी चाळा करत बसली.

घरी आल्यावर तिनं हे सगळं स्वयंपाकघरात आजींना सांगितलं, हळू आवाजात. अकरा फरश्यांपलीकडे बसलेल्या माणसाला त्यातलं काही कळलं नाही. त्याला वाटलं, सर्दी झाली असावी.

कुजबुज आता पाटीवर लिहून बोलू लागली. ‘पाणी हवंय.’ ‘आज गणिताची बेरीज चुकली.’ ‘गोगलगायीनं काकडी खाल्ली.’ आजोबांना हे बरं वाटू लागलं. तिचा शब्द न् शब्द त्यांना कळत होता. कित्येक महिन्यांत त्यांनी नातीशी इतक्या गप्पा मारल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मनात एक प्रश्न आला. आवाज बंद झाल्यावर पोरगी एवढी बोलकी कशी झाली?

तो प्रश्न त्यांना सोडेना. काटा पाव तोळ्यानं हलला तरी त्याचं कारण शोधल्याशिवाय हा माणूस जेवायला उठत नसे. दुपारी कुजबुज झोपली होती. आजोबांनी ध्येयांची वही उघडली. गोगलगायीबद्दल तिनं काय काय लिहिलंय, तेवढं बघावं, असा विचार होता.

उतरत्या रेषेचं पान आलं. त्याच्या आधी दोन पानं एकमेकांना चिकटल्यासारखी होती. ती त्यांनी अंगठ्यानं सोडवली.

वर लिहिलं होतं, ‘प्रयोग. वाक्य – आज टाकी भरली नाही. आवाज – माझा रोजचा. अंतर – आठ फरश्या. मी मागून बोलणार.’

खाली यादी होती.

‘आजी – ऐकू आलं.
आई – ऐकू आलं.
बाबा – फोनवर बोलत होते तरी ऐकू आलं.
शेजारच्या काकू – ऐकू आलं (उगीच टाकी बघायला गेल्या).
आजोबा – नाही.
आजोबा, दुसऱ्यांदा – नाही.
निष्कर्ष – माझा आवाज ठीक आहे.’

त्याखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात होतं, ‘हे आजोबांना दाखवायचं नाही. त्यांना वाईट वाटेल.’

आजोबांनी तारीख पाहिली. सराव सुरू झाला त्याच दिवसाची तारीख होती ती, आणि वेळ सकाळची!

म्हणजे तिला आधीच कळलं होतं! दोष आपल्या आवाजात नाही, हे दहा वर्षांच्या मुलीनं पाच माणसांवर तपासून, लिहून ठेवलं होतं. आणि तरीही ती रोज संध्याकाळी सहाला दारात उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडत होती!

पुढच्या पानावर गोगलगायीची गोष्ट होती. त्यातली दोनच वाक्यं खोडलेली होती. आजोबांनी कागद उजेडाकडे धरला. ‘गोगलगायीला कान नसतात. तिला अजिबात ऐकू येत नाही.’ शेजारी समासात, ‘सांगू नको.’

प्रयोगाच्या पानात बोट ठेवून त्यांनी वही मिटली. मग वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. आजी शेंगा सोलत होत्या.

“तुला माहीत होतं हे?”

आजींनी वही वाचली. त्यांचे डोळे भरून आले, पण त्या शांतपणे म्हणाल्या, “प्रयोगाचं माहीत नव्हतं. तुमच्या कानांचं माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलंय, दोन्ही कानांना यंत्र लावा. तेव्हा तुम्ही म्हणालात, घराचा रंग होऊ दे. रंग झाला. मग म्हणालात, डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे. तेही झालं. चष्मा लावलात, दात बसवलेत, गुडघ्याला पट्टा बांधलात. कानाचीच एवढी लाज का हो वाटते तुम्हाला?”

आजी त्यांच्याकडे तोंड करून, नेहमीच्याच आवाजात, सावकाश बोलल्या होत्या. आजोबांना सगळं ऐकू आलं.

ते स्टुलावर बसले. “बागेतल्या आमच्या बाकावर ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर यायचे, आठवतात? त्यांनी यंत्र लावलं. लोक त्यांना यंत्रराव म्हणायला लागले. मुद्दाम नुसते ओठ हलवून त्यांची गंमत करायचे. महिन्याभरात मास्तर बागेत यायचे बंद झाले.”

“मग?”

“यंत्रराव हे नाव मीच ठेवलं होतं.”

शेंग सोलता सोलता आजींचा हात थांबला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं.

“म्हणजे स्वतःच विणलेल्या जाळ्यात स्वतःच अडकून बसलात,” त्या म्हणाल्या. “आणि त्या जाळ्यात पोरीलाही ओढलंत. एक विचारू? गिऱ्हाईक तक्रार करायचं की माल कमी भरतोय. दुकानदार म्हणायचा, गिऱ्हाईक खोटं बोलतंय. तुम्ही गेल्या गेल्या काय करायचात?”

“आधी काटा तपासायचो.”

“इथे का नाही तपासलात?”

आजोबांनी मान खाली घातली. हा प्रश्न त्यांना नीट ऐकू आला होता.

“आमचंही चुकलंच,” आजी पुढे म्हणाल्या. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही सगळे गप्प. मोठ्यानं बोलायचं, नाहीतर तुम्हाला वगळून बोलायचं. सांभाळून घेतो असं म्हणत आम्ही तुम्हाला हळूहळू घराबाहेर बसवलं. खुर्ची तेवढी घरात राहिली. लेकराला ते सहन होईना, म्हणून तिनं ते ध्येय लिहिलं. तिला मोठ्यानं बोलायचं नव्हतंच हो. तिला तुमच्याशी बोलायचं होतं.”

त्या संध्याकाळी सहा वाजता आजोबा स्वतः उठून कुजबुजच्या टेबलापाशी गेले आणि शेजारी स्टूल ओढून बसले. वही मध्ये ठेवून त्यांनी प्रयोगाचं पान उघडलं. कुजबुजचा चेहरा पांढरा पडला. तिनं घाईघाईनं पाटी ओढली. ‘सॉरी आजोबा.’

आजोबांनी ते पुसलं. “सॉरी मी म्हणायचं. प्रयोग उत्तम आहे. एकच त्रुटी आहे. माझ्यावर दोनदा केलास, तर बाकीच्यांवरही दोनदा करायला हवा होता.”

तिनं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, ‘काकूंवर दुसऱ्यांदा केला असता तर त्या पुन्हा टाकी बघायला गेल्या असत्या.’

आजोबा इतके हसले की आजी गच्चीतून धावत आल्या.

“बरं, मला एक सांग,” ते म्हणाले. “तुझं ध्येय मी परस्पर बदललं. तू लिहिलंस गोष्ट सांगायची, मी करून टाकलं ओरडायचं. आता ते पुन्हा नीट लिहायचं झालं तर कसं लिहिशील? यात तुझं काम कोणतं, माझं कोणतं?”

तिनं वहीचं कोरं पान काढलं. मग कुजबुजनं पानाच्या मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, ‘मी – समोर येऊन, सावकाश, एकेक वाक्य सांगीन.’ उजवी बाजू तिनं कोरी ठेवली आणि पेन्सिल आजोबांच्या हातात दिली.

त्यांनी पेन्सिल घेतली. टोक कागदाला टेकवलं. पण लिहवेना. बाकावरची हसणारी तोंडं त्यांच्या डोळ्यांसमोर आली असावीत. त्यांनी पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली. कुजबुजनं त्यांना घाई केली नाही.

वाचकहो, आपल्यापैकी किती घरांत अशा वह्या असतील! मुलांनी पहिलं यावं, मुलांनी धीट व्हावं, मुलांनी वजन कमी करावं. ध्येय आपण ठरवतो, धावायचं त्यांनी, आणि आपण खुर्चीत बसून मोजायचं. आपलं सगळं करून झालं, असं एकदा म्हटलं की आपल्याला कुणी काही विचारत नाही, ही त्यात मोठी सोय असते. पण आजी-आजोबांनी नातवंडांसोबत ध्येय ठरवायचं म्हणजे एकाच पानावर दोघांनीही लिहायचं, आणि मुलाला जितकं अवघड वाटेल, निदान तितकं अवघड काम स्वतःकडे घ्यायचं. मूल आपल्यासाठी किती ओरडतंय, हे कळायला कधी कधी आपले कान दुरुस्त करावे लागतात. त्यात कमीपणा कसला? कमीपणा असलाच, तर तो हसणाऱ्यांचा आहे.

पंधरा दिवस पुरे झाले. कुजबुजला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. आई दुकानातून सुट्टी मागायला निघाली, तेव्हा आजोबा म्हणाले, “तू कशाला सुट्टी घेतेस? मी नेतो.” आई आणि आजींनी एकमेकींकडे पाहिलं. 

दवाखान्यातली बैठक भरलेली होती. दहा-बारा माणसं होती, कुणी कानात बोळा घातलेलं, कुणी नाकाला रुमाल लावलेलं. काउंटरवर एक तरुण मुलगी खाली मान घालून लिहीत होती. नातीचा हात धरून आजोबा तिच्यासमोर उभे राहिले.

मुलीनं मान वर न करताच काहीतरी विचारलं.

अशा वेळी आजोबांची एक जुनी युक्ती होती. ऐकू आलं नाही की किंचित हसायचं, मान हलवायची आणि सोबतच्या माणसाला पुढे करायचं. ते किंचित हसले. मान हलणारच होती. शेजारी कुजबुजनं बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि पंधरा दिवस जपलेला तो आवाज बाहेर येण्याआधीच आजोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

“काय म्हणालात, ताई? माझ्याकडे बघून बोला.”

मुलीनं वर पाहिलं. “छोटीचं नाव काय, असं विचारलं. पेशंट हीच ना?”

“हिची फेरतपासणी आहे, ती लिहाच,” आजोबा म्हणाले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज लहान नसतो. बाकांवरच्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी त्या वळलेल्या पाहिल्या, आणि आवाज खाली आणला नाही. “पण तिच्यानंतर माझं नाव लिहा. मला कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना यंत्र लावून घ्यायचंय. आजच मापं द्यायची आहेत.”